माती गोठवण्याची चाचणी: माझे चार महिने

७ जुलैला मी कोल्ड चेंबरसाठीचा पहिला अर्ज दिला आणि ७ नोव्हेंबरला अहवालावर शेवटची सही झाली. चाचणी स्वतः १२० तासांची, म्हणजे पाच दिवसांची. बाकीचे दिवस कुठे गेले, काय फसलं आणि शेवटी कशाने जमलं, हे सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते आहे. मी सुरुवात केली तेव्हा मानकं हाताशी होती, शोधनिबंधही पुष्कळ मिळाले. पण पहिल्या दिवशी पडद्यावरची रेघ तीन तास जागची हलली नाही तर घाबरायचं की थांबायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

आधी विषय थोडक्यात. थंड प्रदेशात हिवाळ्यात रस्ता वर उचलला जातो, फरशा वाकड्या होतात, कुंपणाचे खांब जमिनीतून वर येतात. आम्ही याला नुसतं ‘हीव्ह’ म्हणतो. बहुतेकांना वाटतं (मलाही पदवीपर्यंत हेच वाटत होतं) की पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, म्हणून माती उचलली जाते. हे कारण फार अपुरं आहे. स्टीफन टेबर या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेन्झिन भरून ती गोठवली. बेन्झिन गोठताना आकसतं. तरीही माती उचलली गेली. म्हणजे खेळ फुगण्याचा नाही. गोठण्याच्या रेषेजवळ खालून पाणी ओढलं जातं, तिथे शुद्ध बर्फाच्या आडव्या चकत्या तयार होतात आणि त्या वरची माती उचलतात. चकत्या म्हणजे पुस्तकातल्या आइस लेन्स. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: थंडी, खालून पाणी मिळण्याची वाट आणि योग्य बारीक कणांची माती. वाळूत पाणी सहज वाहतं पण ओढ बसत नाही. चिकणमातीत ओढ जबर, पण पाणी मुंगीच्या पावलाने सरकतं. या दोन्हींच्या मधली सिल्ट, म्हणजे बारीक गाळाची माती, सगळ्यात त्रासदायक.

माझ्या प्रकल्पात अशीच एक सिल्ट होती आणि तुलनेसाठी धुतलेली स्वच्छ वाळू. प्रश्न एकच: ही सिल्ट रस्त्याच्या थराखाली चालेल का?

अर्जापासून सुरुवात. ७ जुलैचा माझा अर्ज १० तारखेला परत आला. माती कुठून आणली आणि तिच्यात रासायनिक दूषण नाही, अशी सही असलेली घोषणा त्याला जोडलेली नव्हती. शिवाय थंड पाण्याच्या बाथमध्ये ग्लायकॉलचं मिश्रण असतं, त्याची सुरक्षा माहिती वाचल्याची सहीही हवी होती. चेंबरमध्ये एकटीने काम करणार नाही, आत शिरताना बाहेर कुणीतरी असेल, असं हमीपत्र वेगळं. हे तिन्ही कागद १४ जुलैला लावले. १ ऑगस्टला मंजुरी आली आणि जागा मिळाली २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर, म्हणजे १५ दिवस. शुल्क चाचणीमागे नसतं, चेंबर जितके दिवस अडवाल तितक्या दिवसांचं असतं, आणि फसलेले दिवसही त्यात धरतात. हे मला मंजुरीच्या कागदाच्या मागच्या बाजूला सापडलं. अर्ज करताना दिवस मोजाल तेव्हा १२० तासांवर थांबू नका. नमुना ठोकायला एक दिवस, पाणी मुरवायला एक दिवस, सुटा करायला आणि साफसफाईला एक दिवस, आणि एक फेरी वाया जाईल असं धरून तितकेच पुन्हा.

४ ते २२ ऑगस्ट माती ओळखण्यात गेले. चाळणी, मग चाळणीतून निसटणाऱ्या बारीक कणांसाठी हायड्रोमीटर. आर्थर कासाग्रांदे यांचा १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचा निकष आजही पहिली चाळण म्हणून वापरतात: ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण मिश्र आकारांच्या मातीत ३ टक्क्यांहून जास्त असतील, किंवा एकसारख्या आकाराच्या मातीत १० टक्क्यांहून जास्त असतील, तर माती संशयित. माझ्या सिल्टमध्ये ते ३१ टक्के निघाले. वाळूत १ टक्का. इथे मला वाटलं, उत्तर मिळालंच की, आता गोठवायचं कशाला? मार्गदर्शक मॅडमना तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, “चाळणी सांगते की संशय घे. किती उचलेल आणि वितळल्यावर किती ढिली पडेल, हे गोठवल्याशिवाय कळत नाही.” पुढे सीबीआरच्या, म्हणजे पिस्टन दाबून माती किती भार पेलते ते मोजण्याच्या, दिवशी हे वाक्य मला पटलं.

प्रॉक्टर चाचणीत, म्हणजे ठोकून माती जास्तीत जास्त किती घट्ट बसते ते बघताना, सिल्टची कमाल कोरडी घनता १.८६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आली, १३ टक्के पाण्याला. नमुने त्याच्या ९५ टक्के घनतेला ठोकायचे ठरले. आमची पद्धत एएसटीएम डी ५९१८ या अमेरिकी मानकाची. त्यात नमुन्याचा व्यास १४६ मिलिमीटर आणि उंची सुमारे १५०. एका नमुन्याला ५ किलो ओली माती लागते. मी ४० किलो आणली होती आणि ती भरपूर वाटत होती.

साचा म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या सहा कड्या एकावर एक, आत रबरी पडदा. अख्खी नळी का नाही, हे हाताळल्यावर समजलं. माती गोठली की नळीच्या भिंतीला चिकटते आणि भिंत तिला उचलू देत नाही. कड्या असल्या की त्या मातीबरोबर एकेक करून सुट्या होतात आणि वर सरकतात. पडद्याला आतून सुरकुती राहिली तर माती तिथेच अडकते, म्हणून पहिला थर टाकण्यापूर्वी पडदा बाहेरून हवा ओढून कड्यांना घट्ट बसवून घ्या.

चाचणीचं वेळापत्रक असं. पहिले २४ तास वरची आणि खालची दोन्ही टोकं ३ अंशांवर. मग ८ तास वर उणे ३, खाली ३. पुढचे १६ तास वर उणे १२, खाली ०, म्हणजे तळापर्यंत गोठवणं. नंतर १६ तास वर १२ आणि खाली ३ ठेवून वितळवायचं, ८ तास दोन्हीकडे ३. हे चक्र पुन्हा एकदा. प्रत्येक गोठवणुकीच्या पहिल्या ८ तासांत माती किती उचलली, त्यावरून दिवसाचा दर काढतात. दुसऱ्यांदा वितळल्यावर त्याच नमुन्यावर सीबीआर. वर सुमारे ६ किलोचं वजन, म्हणजे साडेतीन किलोपास्कल दाब. खाली सच्छिद्र चकती आणि तिला जोडलेली मॅरियट बाटली, म्हणजे माती पाणी पिते तरी पातळी तीच राहते.

चेंबर हातात आल्यावर दोन दिवस मी फक्त तापमापक तपासले. हे कुणी सांगितलं नव्हतं, उपकरणांच्या नोंदवहीत आधीच्या एकाने पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. ऊर्ध्वपातित पाण्याचा बर्फ चुरून त्यातच थोडं पाणी घालून थर्मासमध्ये सगळे थर्मिस्टर एकत्र बुडवले. अर्ध्या तासाने सगळ्यांनी ० दाखवायला हवं. एक ०.३ अंश जास्त दाखवत होता. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण १५० मिलिमीटरमध्ये ६ अंशांचा फरक म्हणजे एका मिलिमीटरला ०.०४ अंश, आणि ०.३ अंशांची चूक म्हणजे गोठण्याची रेषा साडेसात मिलिमीटरने भलतीकडे. बाथच्या पडद्यावरच्या आकड्यावरही जाऊ नका. बाथ उणे ३ दाखवत होता तेव्हा नमुन्यावर टेकलेली थंड प्लेट उणे २.४ वर होती, कारण बाथपासून तिच्याकडे येणाऱ्या नळ्या वाटेत गरम होतात. प्लेटचं तापमान बघून बाथ लावायचा.

२७ ऑगस्टला सकाळी १० वाजता पहिली फेरी सुरू केली, दोन सिल्टचे नमुने आणि दोन वाळूचे. २८ ला १० वाजता उणे ३ लावलं आणि मी समोर बसले. अकरा, बारा, एक. वरून १ सेंटिमीटर खालचा थर्मिस्टर उणे १.६ दाखवत होता आणि माती तसूभर हलत नव्हती. मला वाटलं, हीव्ह मोजणारा एलव्हीडीटी अडकलाय. मी त्याला हातही लावला. दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी त्याच थर्मिस्टरवर तापमान एका मिनिटात उणे १.६ वरून उणे ०.१ वर उडालं आणि आलेखात ०.६ मिलिमीटरची पायरी आली. मग पुन्हा शांतता.

प्रयोगशाळेत गेली कित्येक वर्षं हेच काम करणारे काका आलेखाकडे बघून लगेच म्हणाले, “ही फेरी सोड. पाणी अतिथंड झालं होतं.” पाणी शून्याखाली जाऊनही द्रवच राहू शकतं, बर्फाचा पहिला कण मिळेपर्यंत. तो मिळाला की कित्येक सेंटिमीटरमधलं पाणी एकदम गोठतं. गोठताना उष्णता बाहेर पडते, किलोमागे ३३४ किलोजूल, म्हणून तापमान वर उडी मारतं. पण अशा वेळी पाणी आपल्या छिद्रात असेल तिथेच अडकून बर्फ होतं. चकत्या वाढायला वेळच मिळत नाही आणि ८ तासांच्या दरातले पहिले साडेतीन तास नुसते वाया जातात.

उपाय साधा होता. दुसऱ्या फेरीपासून नमुन्याच्या वरच्या पृष्ठभागावर चिमूटभर चुरलेला बर्फ पसरला, प्लेट ठेवली, आणि तापमान शून्याखाली गेलं की वरच्या वजनावर टणक काहीतरी घेऊन दोनचारदा ठोकलं. पाच मिनिटांत तापमानाची छोटीशी उडी दिसली. ती उडी दिसल्याशिवाय तिथून उठू नका.

नवे नमुने ठोकून, पाणी मुरवून १ सप्टेंबरला दुसरी फेरी लावली. पहिलं चक्र सुरेख गेलं. ४ सप्टेंबरला, दुसऱ्या गोठवणुकीच्या तिसऱ्या तासाला, वीज गेली. दिव्यांना जनरेटर होता, चेंबरला नव्हता. दोन तासांनी वीज आली तोवर वरची प्लेट १ अंशावर पोहोचली होती. मी त्या दोन तासांत दार उघडायचं नाही एवढं एकच काम करू शकत होते, आणि तेवढं केलं. पण वरचा भाग वितळला होता. अर्धी वितळलेली, पुन्हा गोठलेली माती वेगळीच असते. फेरी रद्द.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन कुणाशी बोलले नाही. चार दिवस उरले होते आणि नव्या फेरीला सात लागणार होते. मातीही संपली होती: प्रॉक्टरला १४ किलो, आधीच्या सीबीआरला ५, हायड्रोमीटरला १, दोन फेऱ्यांना २०. गोठून वितळलेली माती सुकवून पुन्हा वापरू का, असं मॅडमना विचारलं. त्यांनी ठाम नकार दिला.

इथून कागदांचा दुसरा हप्ता. मुदतवाढीचा अर्ज, त्याला वीज गेल्याची उपकरण नोंदवहीतली नोंद जोडायची, त्या नोंदीवर विभागाची सही. माझी नोंद होती पण वेळ लिहिलेली नव्हती, म्हणून अर्ज एकदा परत आला. शेवटी डेटा लॉगरचा छापील कागद जोडला, त्यात मिनिटामिनिटाचं तापमान होतं, आणि तो मान्य झाला. वीज गेल्याचे दिवस शुल्कातून वगळले. काही बिघडलं की आधी वही उघडा, तारीख आणि वेळ लिहा, मग हळहळा. लॉगर बॅटरीवर चालणारा घ्या. माझा तसा होता म्हणून ते दोन तास नोंदले गेले.

नवी जागा ६ ते २० ऑक्टोबर. मधल्या काळात २५ किलो माती आणखी आणली आणि ती तीच आहे हे दाखवायला हायड्रोमीटर पुन्हा केलं. ०.०२ च्या खाली या वेळी ३० टक्के. चालेल, असं ठरलं. तुम्ही ही चाचणी करायला निघाल तर एकदमच ६५ किलो घेऊन या आणि हवाबंद डब्यात ठेवा. महिनाभर वाट पाहण्याच्या मोकळ्या वेळात मी सेग्रिगेशन पोटेन्शियलवर वाचत बसले. कॉनरॅड आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९८० च्या सुमारास मांडलेली ही कल्पना: माती पाणी ज्या वेगाने ओढते तो वेग, गोठण्याच्या रेषेजवळच्या तापमानाच्या उताराशी प्रमाणात असतो. वेळ मिळाला म्हणून मला पुढच्या आकड्यांचा अर्थ लावता आला.

८ ऑक्टोबर, सकाळी १०. तिसरी फेरी. या वेळी मी आदल्या दिवशी नळ्यांमधले बुडबुडे टिचक्या मारून काढले होते. पाणी उकळून गार केलेलं, म्हणजे त्यात विरघळलेली हवा कमी. नळीत हवेचा एक बुडबुडा असला तरी मातीला तहान असून पाणी पोचत नाही आणि हीव्ह खोटा कमी दिसतो.

९ तारखेला १० वाजता उणे ३. दहा वाजून बावीस मिनिटांनी उडी. अकरा वाजता एलव्हीडीटीवर ०.३. मग रेघ एकसारखी चढू लागली, इतकी शांत की पडद्यावर हालचाल दिसत नव्हती, पण पंधरा मिनिटं दुसरीकडे बघून परत बघितलं की आकडा पुढे गेलेला असायचा. मॅरियट बाटलीत तळाशी हवेचा बुडबुडा दर काही मिनिटांनी सुटायचा. प्रत्येक बुडबुडा म्हणजे मातीने एक घोट पाणी घेतलं. मला त्या पूर्ण चार महिन्यांत सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट तो बुडबुडा होता. गोठणारी माती पाणी पिते, हे वाचलेलं होतं. ते ऐकू येईल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ६ वाजता पहिल्या नमुन्यात ४.६ मिलिमीटर, दुसऱ्यात ४.३. बाटलीतून पहिल्या नमुन्याने ४५ मिलिलिटर पाणी घेतलं होतं. मी तिथेच हिशेब केला. गोठण्याची रेषा सुमारे ६० मिलिमीटर खोल गेली होती. मातीत छिद्रं ३४ टक्के. त्यातलं सगळं नाही, पण बहुतेक पाणी गोठलं असं धरलं तर ९ टक्के फुगण्याने फार तर पावणेदोन मिलिमीटर उचल मिळते. उरलेले जवळपास तीन मिलिमीटर बाहेरून आलेल्या पाण्याचे. ४५ मिलिलिटर पाणी त्या व्यासावर पसरलं तर २.७ मिलिमीटर, बर्फ झाल्यावर २.९. हिशेब जुळला. बाजूच्या कप्प्यात तीच थंडी आणि तेच पाणी असलेली वाळू ०.१ मिलिमीटरवर बसून होती.

८ तासांच्या आकड्याला तिनाने गुणलं की दिवसाचा दर: सिल्ट १३.८ आणि १२.९ मिलिमीटर. आमच्या पद्धतीच्या तक्त्यात १ च्या खाली नगण्य, ४ ते ८ मध्यम, ८ ते १६ जास्त, १६ च्या वर अति जास्त. वाळू ०.३, नगण्य. दुसऱ्या गोठवणुकीत सिल्ट १५.३ आणि १४.७ वर गेली. एकदा गोठून वितळलेल्या मातीत बारीक भेगा राहतात, त्यातून पाणी अधिक सहज येतं, असं मॅडमनी समजावलं.

रात्री जागायचं का? पहिल्या दोन फेऱ्यांत मी जागले आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. तिसऱ्या फेरीत तापमान ठरल्यापेक्षा अर्धा अंश हललं तर फोनवर संदेश येईल अशी सोय लॉगरला जोडून घेतली आणि झोपले. बदलाच्या वेळा तेवढ्या गाठा: सकाळी १०, संध्याकाळी ६, आणि पहाटे २. पहाटेची वेळ टाळायची असेल तर सुरुवातच दुपारी करा. मला हे फार उशिरा सुचलं.

१३ ऑक्टोबरला दुसरं वितळणं संपलं. वरची प्लेट उचलली तेव्हा सिल्टवर पाण्याचा पातळ थर चमकत होता. न गोठवलेल्या नमुन्याचा सीबीआर १८ आला होता. पिस्टन मिनिटाला सव्वा मिलिमीटर वेगाने खाली उतरतो, आणि एरवी माती त्याला जोराने अडवते. इथे तो लोण्यात उतरावा तसा रुतत गेला आणि कडेने पाणी वर आलं. सीबीआर ३.१ आणि ३.६. तक्त्यात २ ते ५ म्हणजे ढिली पडण्याची शक्यता जास्त. वाळूचा २१, तिथे नगण्य. मॅडमचं ऑगस्टमधलं वाक्य मला आत्ता कळलं. रस्त्याचं मोठं नुकसान हिवाळ्यात उचल होते तेव्हा होत नाही. ते वितळताना होतं. वरचा थर वितळलेला, चकत्यांचं पाणी मोकळं, आणि खालची माती अजून गोठलेली असल्यामुळे त्या पाण्याला जायला जागा नाही. म्हणूनच कित्येक थंड प्रदेशांत वसंत ऋतूत काही रस्त्यांवर जड वाहनांना वजनाची मर्यादा घालतात.

खरं तर इथे माझं काम संपत होतं. अहवालाला पुरेसे आकडे होते. पण चकत्या मी अजून डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या, आणि चेंबर २० पर्यंत माझ्याकडे होता. एक नमुना ठोकला, १७ तारखेला वर उणे ३ आणि खाली ३ लावून सलग ४८ तास तसाच ठेवला. १९ ला चेंबर उणे ५ वर आणून काका आणि मी आत गेलो, हातमोजे दोन जोड. पडदा कापला, रुंद छिन्नी उभी लावली, काकांनी एकच घाव घातला. नमुना उभा दुभंगला.

वरचे दोन सेंटिमीटर साधी, टणक, तपकिरी माती, नुसतीच गोठलेली. त्याखाली केसाएवढ्या बारीक पांढऱ्या रेघा, एकमेकींपासून दोन मिलिमीटरवर. जसजसं खाली जावं तसतशा त्या जाड होत गेलेल्या आणि अंतरही वाढलेलं. शेवटी एकच, ४ मिलिमीटर जाडीची, काचेसारखी स्वच्छ चकती, टॉर्च मागून धरला तर उजेड आरपार. तिच्यात मातीचा कण नव्हता. तापमान स्थिर ठेवलं की गोठण्याची रेषा जागेवर थांबते आणि शेवटच्या चकतीला वाढायला दोन दिवस मिळतात, म्हणून ती सगळ्यात जाड. तिच्या लगेच खालची माती मात्र कोरडी, फिकी आणि तडकलेली. बर्फाने तिच्यातलं पाणी ओढून घेतलं होतं. शून्याखाली एक अंश गेलं की ही ओढ सुमारे १.२ मेगापास्कलपर्यंत जाऊ शकते, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. ती तडकलेली माती बोटाने दाबून बघेपर्यंत तो आकडा आकडाच होता.

दोन दोन सेंटिमीटरचे काप करून डब्यांत भरले, वजनं केली, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास ठेवले. सुरुवातीला सगळीकडे १९ टक्के पाणी होतं. चकती असलेल्या कापात ३२ टक्के निघालं, तिच्या खालच्या कापात १६. डब्यांवर नंबर आधीच घालून, रिकामी वजनं आधीच लिहून आत न्या. उणे ५ मध्ये पेन चालत नाही, पेन्सिल चालते. आणि कापताना फोटो आधी काढा, कारण कॅमेऱ्याच्या लेन्सवर धुकं बसतं आणि तोवर चकतीच्या कडा वितळायला लागतात.

अहवाल २७ ऑक्टोबरला दिला. तो एकदा परत आला, दोन कारणांनी. तापमापकांच्या तपासणीची तारीख लिहिलेली नव्हती, आणि फसलेल्या दोन फेऱ्या मी गाळल्या होत्या. मला वाटलं होतं की त्या कमीपणाच्या आहेत. मॅडम म्हणाल्या की त्या परिशिष्टात हव्यातच, आलेखांसकट, नाहीतर वाचणाऱ्याला तिसऱ्या फेरीवर विश्वास का ठेवावा हे कळणार नाही. अतिथंड पाण्याची ती पायरी आता परिशिष्टाच्या पहिल्याच पानावर आहे. निष्कर्षात लिहिलं की ही सिल्ट गोठण्याच्या खोलीपर्यंत रस्त्याखाली ठेवू नये. ठेवायचीच असेल तर खालून पाणी वर चढू नये म्हणून मध्ये जाड वाळूचा थर द्यावा आणि पाणी बाहेर काढण्याची सोय करावी.

७ नोव्हेंबरला सही झाली. सिल्टची ९ किलो माती उरली आहे. ती हवाबंद डब्यात, चेंबरच्या बाहेरच्या मांडणीत खालच्या कप्प्यात ठेवली आहे. डब्यावर चिठ्ठी आहे: हायड्रोमीटरचा आकडा, कमाल घनता, आणि कोणता थर्मिस्टर ०.३ ने जास्त दाखवतो ते.